घरी कोण जाणार? भारतातल्या मनोविकार समाजकार्याची गोष्ट

आजचा भाग थोडा वेगळा आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका नोकरीचा इतिहास सांगायचाय. सरकारी रुग्णालयांच्या भरतीच्या जाहिरातीत तुम्ही कधीतरी 'समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)' असं पद वाचलं असेल आणि पुढे स्क्रोल केलं असेल. हे लोक नक्की करतात काय? आणि हे काम आलं कुठून?

सुरुवात एका टोमण्यापासून करू. कुणी विचित्र वागलं की आपल्याकडे सहज म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." पुण्यात ठाण्याच्या जागी येरवडा येतं, एवढाच फरक. या टोमण्यात 'पाठवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. माणूस आजारी आहे, त्याला बरं करा, असं कुणी म्हणत नाही. पाठवा म्हणतात, म्हणजे नजरेआड करा.

हा विचार फक्त लोकांच्या डोक्यात नव्हता, तो कायद्यातच होता. १८५८ साली इंग्रजांनी 'वेड्यांसाठी' कायदे केले आणि १९१२ साली त्यांच्या जागी नवा कायदा आणला. पण दोन्ही वेळा मुख्य प्रश्न एकच होता: या माणसाला कुणाच्या हुकमाने आत ठेवायचं आणि कुणाच्या हुकमाने बाहेर सोडायचं? नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही महाराष्ट्रातली चार जुनी मनोरुग्णालयं त्याच काळातली. उंच भिंती, मोठं आवार आणि शक्यतो वस्तीपासून लांब. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला, तेव्हा एवढ्या मोठ्या देशात मानसिक आजारांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. म्हणजे बहुतेक आजारी माणसं भिंतीच्या आत नव्हतीच. ती घरी होती. आणि घरी कुणीच जात नव्हतं.

आता मुंबईत येऊ, नागपाड्याला. कामगारांची, दाटीवाटीची वस्ती. इथे १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन माणसाने 'नेबरहूड हाऊस' चालवलं. तो आला होता अमेरिकन मराठी मिशनतर्फे. पण वस्तीत काम करताना त्याला एक गोष्ट पटली, की नुसता दयाळूपणा पुरत नाही. लोकांच्या अडचणी समजून घेणं हे शिकून करायचं काम आहे. १९३६ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचा पहिला संचालक झाला. आज आपण जिला 'टिस' म्हणतो, ती हीच.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, संस्थेने लहान मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. कल्पना साधी होती. शाळेत न बोलणारं, चोऱ्या करणारं किंवा अंथरूण ओलं करणारं मूल आलं, तर डॉक्टर त्याला तपासणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार आणि तिसरा माणूस त्याच्या घरी जाणार. घरात खोल्या किती, वडील कामावर कधी जातात, आईला कुणाचा आधार आहे, हे सगळं तो बघणार. कारण मुलाच्या वागण्याचं अर्धं उत्तर बऱ्याचदा घरात असतं. हा तिसरा माणूस म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीचा नायक. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस 'टिस'मध्ये या कामाचं वेगळं शिक्षण सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांत डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांचं नाव पहिलं घेतलं जातं.

नायक तयार होत होता, पण मोठ्या मनोरुग्णालयांचं काय? तिथली भिंत हलली ती अमृतसरमध्ये. फाळणीनंतर लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० साली इकडे आणले गेले. मंटोची 'टोबा टेकसिंग' ही कथा याच अदलाबदलीवर आहे. अमृतसरचं इस्पितळ भरून वाहत होतं आणि माणसं अपुरी होती. तिथल्या डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांनाच आवारात बोलावलं. तंबू ठोकले आणि सांगितलं, तुमच्या माणसाजवळ राहा. आई, भाऊ, नवरा, बायको रुग्णासोबत राहिले, आजार काय असतो ते शिकले आणि बऱ्या झालेल्या माणसाला सोबत घेऊन घरी गेले. जे घर रुग्णाला 'पाठवत' होतं, तेच उपचारात आलं.

यापुढचा प्रश्न उघड होता. घर जर इस्पितळात येऊ शकतं, तर इस्पितळ गावात का जाऊ नये? १९७० च्या दशकाच्या मध्यात दोन ठिकाणी हे करून बघितलं गेलं: चंदीगडजवळ रायपूर राणीला आणि बंगळुरूजवळ सकलवाड्याला. प्राथमिक आरोग्य केंद्रातले साधे डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांना थोडं प्रशिक्षण दिलं, तर ते नेहमीचे मानसिक आजार ओळखू शकतात आणि औषधं चालू ठेवू शकतात, असं दिसलं. त्यातूनच १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बळ्ळारीत तो जिल्हा पातळीवर करून पाहिला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम इतरत्र सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाच्या जोडीला समाजकार्यकर्त्याचं पद आहे.

कागदावर सगळं छान. पण ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. २८ जण गेले. त्यांना पळता आलं नाही, कारण ते साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना तिथे आणलं होतं त्यांच्याच घरच्यांनी. दर्ग्यात बरं वाटेल या आशेने, आणि जवळपास दुसरा काही उपाय दिसत नव्हता म्हणून. घरच्यांना क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या साखळीपर्यंत पोचायच्या आधी, वर्षानुवर्षं, त्या घराचं दार कुणीच ठोठावलं नव्हतं. मला तरी एरवाडीचा सगळ्यात मोठा धडा हाच वाटतो.

मग दार ठोठावणार कोण? एवढे तज्ज्ञ तर देशात नाहीतच. याचं एक उत्तर गोव्यात मिळालं. 'संगत' या संस्थेने तिथल्या २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. स्थानिक, साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. २०१० साली निकाल आला. सरकारी केंद्रांत, जिथे हे समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के लोक बरे झाले; जिथे नव्हते तिथे सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पुढे आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत असंच काम झालं. नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी शंभरात चारच्या आसपास होते. दीड वर्षात ते २७ झाले. फरक कशाने पडला? कुणीतरी गावात गेलं, ओट्यावर बसलं आणि ऐकून घेतलं.

म्हणजे डिग्रीवाल्या समाजकार्यकर्त्याची गरज संपली का? उलट वाढली. गावातल्या समुपदेशकाला शिकवणार कोण, आणि अवघड केस आली की त्याने फोन कुणाला करायचा? शिवाय कितीतरी प्रश्न गोळीने सुटतच नाहीत. औषध का बंद केलं? कधी गोळीने झोप येते आणि मजुरी बुडते म्हणून, कधी तालुक्याला जायला बसभाडं नाही म्हणून. लग्न ठरलंय, आता लपवायचं की सांगायचं? २०१६ च्या कायद्याप्रमाणे मानसिक आजारासाठीही दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं, पण त्याचा फॉर्म कोण भरणार? बरा झालेला माणूस घ्यायला घरचे येतच नाहीत, आता काय? ही सगळी कामं या माणसाची.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात समाजात राहण्याचा हक्क लिहिला आहे. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात डांबून ठेवता येत नाही. १९१२ चा कायदा विचारत होता, आत कुणी ठेवायचं. हा कायदा विचारतो, बाहेर राहायला मदत कोण करणार. शंभर वर्षांत प्रश्नच बदलला. पण हक्क कागदावर आला म्हणून घराचं दार आपोआप उघडत नाही. तिथे जाऊन बोलावंच लागतं, कधी पाच वेळा, कधी पंधरा वेळा.

तुमच्यापैकी कुणी 'पुढे काय करू' या विचारात असेल, तर रस्ता सांगतो. कुठल्याही शाखेची पदवी, मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत बसणारा मनोविकार समाजकार्यकर्ता व्हायचं, तर त्यावर दोन वर्षांचं एमफिल, प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणासह. पगाराच्या बाबतीत हे आयटी नाही. लोक विचारतील, "म्हणजे नक्की करतोस काय?" तेव्हा सांगा, ज्या घरी कुणी जात नाही, तिथे मी जातो.

आणि हा भाग ऐकताना तुम्हाला स्वतःलाच किंवा जवळच्या कुणाला मदत हवी असं वाटलं, तर सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. नंबर १४४१६. फोन कधीही करा, मराठीत बोला.

आज इथेच थांबू. हा भाग त्या मित्राला पाठवा, जो सगळ्यांचं ऐकून घेतो. त्याला कदाचित माहीतच नसेल, की याचं शिक्षणही असतं.