आत्मतृप्त मंडळी : खर्डा, लावदिकीया आणि देवाचा दरबार

आजचा विषय ख्रिस्ती जीवनातल्या आत्मसंतुष्टतेचा आहे, आणि सुरुवात मात्र लढाईपासून करायची आहे. खर्ड्यात बसून दुसरीकडून सुरुवात कशी करणार?

११ मार्च १७९५. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली आले. अशी एकी पुन्हा झाली नाही. हरलेला निजाम इथल्या किल्ल्यात कोंडला गेला आणि त्याला मुलूख व खंडणी कबूल करावी लागली. पुण्यात आनंदीआनंद. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, वारसाची भांडणं सुरू झाली, १८०० मध्ये नाना फडणवीस गेले आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. खर्ड्याच्या विजयाला तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती. जिंकलेल्या माणसाला आपल्यात काही कमी आहे असं वाटत नाही, आणि मग कमी असलेलं दुरुस्त होत नाही. राजकारणातलं हे आपल्याला चटकन पटतं. धर्मजीवनात मात्र पटवून घ्यायला आपण नाखूष असतो.

नव्या करारात प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया इथल्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. तुम्ही थंड नाही, उष्णही नाही, कोमट आहात, असा तो प्रसिद्ध ठपका. आपण बहुतेक वेळा ‘कोमट’ या शब्दावरच थांबतो. पण त्या मंडळीचं खरं दुखणं पुढच्या वाक्यात आहे : आम्ही धनवान आहोत, आम्हाला कशाचीही गरज नाही, असं तिला वाटत होतं. हे गावच तसं होतं. इ. स. ६० मध्ये भूकंपाने ते पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता लोकांनी स्वतःच्या पैशाने ते उभं केलं, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो. मोठी अभिमानाची गोष्ट, नाही का? गावाचा हाच स्वाभिमान मंडळीत शिरला, आणि कुणाला तो वेगळा ओळखू आला नाही. पाप म्हटलं की आपण चोरी, व्यभिचार असलं काही शोधतो. इथे तसं काहीच नाही. सगळं नीट चाललं आहे, हीच अडचण.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. शाळा निघाल्या, देवळं झाली, पुढे पाळक घडवणारी सेमिनरी आली. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत महार-मांग कुटुंबांची संख्या मोठी. याच मुंबई-नगरच्या मिशनच्या वर्तुळात १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. (खर्ड्याच्या लढाईला शंभर वर्षं भरायला महिनाच उरला होता. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढू नका.) टिळक नगरला आले, सेमिनरीत शिकवलं, पाळक झाले, ‘ज्ञानोदया’त लिहिलं. भजनं तर किती लिहिली! घर, पगार, मान, सगळं होतं. आणि १९१७ मध्ये, पंचावन्नच्या आसपास वय असताना, त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला : बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ.

त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत असं : विलायतेहून पैसा येतो, साहेब ठरवतो, पाळकाला महिन्याचं वेतन मिळतं, रविवारी देऊळ भरतं, यात ख्रिस्तासाठी तहानलेला माणूस कुठे आहे? डेन्मार्कमध्ये कीर्केगार्दने १८५४-५५ साली हाच प्रश्न तिथल्या राजमान्य चर्चला विचारला होता. जन्मतःच सगळे ख्रिस्ती, तर ख्रिस्ती होण्याचं कामच शिल्लक राहत नाही! टिळकांनी कीर्केगार्द वाचला असं आम्ही म्हणत नाही. दुखणं एकच होतं, एवढंच.

इथे मात्र थोडं थांबलं पाहिजे. टिळक जन्माने चित्पावन ब्राह्मण. पगार सोडून संन्यास घेणं ही त्यांच्या मागच्या परंपरेत वंदनीय गोष्ट. पण ज्याच्या बापाला पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, ज्याच्या मुलाला मिशनच्या शाळेत पहिली पाटी मिळाली, त्याने त्या शाळेच्या ओट्यावर जरा निवांत बसावं, याला आत्मसंतुष्टता म्हणायचं? आम्हाला तसं म्हणवत नाही. पोट भरल्याचं समाधान वेगळं आणि आपल्याला आता कशाची गरज नाही हा गर्व वेगळा. लूकाच्या शुभवर्तमानातला परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो. पण ते आभार शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवून मानतो. आत्मतृप्तीची खूण तिथे सापडते, माणूस खातो किती यात नाही. टिळकांची टीका खरी होती, पण ती सगळ्यांना सारखी लागू नव्हती, असं आमचं मत.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि त्यांच्यामागे तो विरत गेला. भजनं राहिली. आजही ‘उपासना संगीता’तून मराठी मंडळ्यांमध्ये ती गायली जातात, पुष्कळदा तोंडपाठ, पुस्तक न उघडता. झोपमोड करणाऱ्या माणसाचीच गाणी झोपेतही म्हणता येतात.

एक जवळचं उदाहरण सांगून थांबतो. साठच्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होतं. हॉस्पिटल चांगलं चाललं होतं, गर्दी असे, माणसं बरी होऊन जात. पण तीच माणसं तेच रोग घेऊन परत येत. दुसरा कुणी गर्दीकडे बघून खूश झाला असता. हे दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि १९७० मध्ये आपल्या जामखेडला आले. पाणी, बाळंतपण, पोषण यांवर काम सुरू झालं. गावच्या बायांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, दलित बायांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतरही ती दोघं जामखेडलाच राहिली.

कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.