एका बगची गोष्ट

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बग म्हणजे डोकेदुखी. पण मेक्सिकोत वाहाका शहराजवळ तेओतित्लान देल वाये नावाचं झापोतेक विणकरांचं गाव आहे, तिथे बगचं मोल कळलं.

"अगदी पारंपरिक माग दाखवा ना," मी म्हटलं. विणकर काका हसले. पायाने चालवायचा हा माग आणि मेंढीची लोकर, दोन्ही सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेलं! त्याआधी इथे कमरेला बांधायच्या मागावर सुती कापड विणत.

मग अस्सल इथलं काय? लाल रंग! काकांनी निवडुंगावरचा कोचिनील किडा तळहातावर चिरडला, वर लिंबू पिळलं, तर लालाचा झाला केशरी. असे सुमारे ७०,००० वाळलेले किडे मिळून एक पौंड भरतो. स्पॅनिश अमलात चांदीखालोखाल निर्यात याचीच. मेहनत इथल्यांची, नफा व्यापाऱ्यांचा. १८५६ साली इंग्लंडात पहिला कृत्रिम रंग निघाला आणि पुढच्या काही दशकांत हा धंदा बसला.

गालिच्याची किंमत ऐकून मी घासाघीस करणारच होतो. काकांच्या लाल तळहाताकडे लक्ष गेलं, आणि मुकाट्याने पैसे मोजले.