रोजच्या वापरासाठी सौम्य व्हाइटनिंग टूथपेस्ट: निवड, वापर आणि मर्यादा

लग्न ठरले, नोकरीची मुलाखत आली किंवा फोटोत दात पिवळे दिसले की अनेकजण दुकानातून व्हाइटनिंग टूथपेस्ट आणतात. काहींना तिचा फायदा होतो, काहींच्या दातांवर काहीच फरक दिसत नाही, तर काहींचे दात थंड पाण्यानेही कळा देऊ लागतात. हा फरक मुख्यतः डाग कोणत्या प्रकारचा आहे यावर आणि पेस्ट किती खरखरीत आहे यावर ठरतो.

दात पिवळे का दिसतात?

दाताच्या बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. ते काहीसे पारदर्शक असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो. त्यामुळे निरोगी दातही शुभ्र कागदासारखा पांढरा नसतो. वय वाढते तसे इनॅमल झिजून पातळ होते आणि आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो.

डागांचे दोन प्रकार असतात.

* बाहेरचे डाग: चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, गुटखा, पान, लोहाचे पातळ औषध, तसेच क्लोरहेक्सिडिन असलेला माउथवॉश जास्त दिवस वापरल्याने हे डाग पडतात. ते दाताच्या पृष्ठभागावर असतात. टूथपेस्टचा उपयोग होतो तो इथेच.
* आतले डाग: बोअरवेलच्या पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे लहानपणी पडलेले पांढरे-तपकिरी चट्टे (फ्लोरोसिस), दात तयार होत असताना घेतलेली टेट्रासायक्लिन गटातील औषधे, मार लागून आतली नस मेलेला दात. हे डाग कोणत्याही टूथपेस्टने जात नाहीत.

फ्लोरोसिसचे चट्टे म्हणजे अस्वच्छता नव्हे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत ते अनेक मुलांच्या दातांवर दिसतात. "नीट दात घासत नाहीस" म्हणून मुलांना रागावू नये. घासून घासून ते जात नाहीत, उलट इनॅमल झिजते. मायक्रोअ‍ॅब्रेजन, कॉम्पोझिट किंवा व्हेनियर असे उपाय दंतवैद्य सुचवू शकतात.

व्हाइटनिंग पेस्ट नेमके काय करते?

* घासणारे कण: हायड्रेटेड सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. हे कण डागाचा थर घासून काढतात. साध्या पेस्टमध्येही ते असतात.
* डाग सैल करणारे घटक: पायरोफॉस्फेट, ट्रायपॉलिफॉस्फेट किंवा पपईतील पपेन हे एन्झाइम.
* निळा रंग: काही पेस्टमध्ये ब्लू कोव्हरीन असते. वेष्टनावर ते 'सीआय ७४१६०' असे लिहिलेले सापडते. निळसर थरामुळे पिवळेपणा कमी भासतो. हा परिणाम लगेच दिसतो, पण तात्पुरता असतो. कपड्यांना नीळ घालतो तसाच हा प्रकार.
* पेरॉक्साइड: थोड्या पेस्टमध्ये असते, पण प्रमाण कमी आणि दातावर राहण्याचा वेळही कमी. त्यामुळे दवाखान्यातील ब्लीचिंगसारखा परिणाम मिळत नाही.

थोडक्यात, चांगली पेस्ट तुमच्या दातांचा मूळ रंग परत आणू शकते. त्याहून पांढरा रंग ती देत नाही. कॅप, व्हेनियर आणि सिमेंट भरलेल्या जागांचा मूळ रंगही बदलत नाही.

सौम्य पेस्ट कशी ओळखावी?

पेस्ट डेंटिनला किती झिजवते हे मोजण्यासाठी आरडीए नावाचे माप आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याची कमाल मर्यादा २५० आहे. साधारण ७० पर्यंतची पेस्ट सौम्य मानली जाते. हा आकडा बहुधा वेष्टनावर छापलेला नसतो, म्हणून पुढील गोष्टी पाहा.

* फ्लोराइड आहे का? मोठ्यांसाठी सुमारे १००० पीपीएम असलेली पेस्ट घ्या. काही हर्बल आणि चारकोल पेस्टमध्ये ते नसते. दात पांढरे करण्याच्या नादात किडीपासूनचे संरक्षण गमावू नका.
* दात आधीच थंड-गरमाने दुखत असतील तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट निवडा. तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात.
* चारकोल पेस्ट, खरखरीत दंतमंजन, राख, मीठ, लिंबू-सोडा टाळा. लिंबातील आम्ल इनॅमल मऊ करते आणि वर सोडा घासला की झीज वाढते. झिजलेले इनॅमल पुन्हा वाढत नाही.

वापरायची पद्धत

१. मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी पेस्ट घ्या.
२. दिवसातून दोनदा, दोन मिनिटे, हलक्या हाताने घासा. जोर लावल्याने डाग लवकर जात नाहीत. हिरड्या मात्र मागे सरकतात आणि दाताच्या मुळाशी खाच पडते.
३. लिंबू सरबत, कोल्ड्रिंक किंवा कोकम सरबत प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि किमान अर्ध्या तासाने ब्रश करा.
४. पेस्ट थुंका, पण लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नका. थोडे फ्लोराइड दातांवर राहू द्या.
५. चार ते सहा आठवड्यांनी दिवसाच्या उजेडात फरक पाहा. काहीच फरक नसेल तर आणखी तीव्र पेस्ट आणण्याऐवजी तपासणी करून घ्या.

दातांत कळ येऊ लागली किंवा हिरड्यांची आग झाली तर ही पेस्ट थांबवून साध्या फ्लोराइड पेस्टवर या. बारा वर्षांखालील मुलांना व्हाइटनिंग पेस्ट देऊ नका. हिरड्या मागे सरकून मुळे उघडी पडलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

"दात साफ केले की हलतात" हे खरे का?

नाही. दातांवर साचलेले कडक किटण पेस्टने निघत नाही. त्यासाठी दवाखान्यात स्केलिंग करावे लागते. किटणामुळे आधीच सैल झालेले दात ते निघाल्यावर सैल जाणवतात, इतकेच. चहा-तंबाखूचे जुने डागही बहुतेकदा स्केलिंग आणि पॉलिशिंगने एकाच भेटीत बरेच कमी होतात.

मिश्री लावत असाल तर

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात काळे पडतात, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू वापरण्यावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. सकाळी मिश्री आणि रात्री व्हाइटनिंग पेस्ट याने काही साधत नाही. घरातील आई, आजी किंवा सासूबाई मिश्री लावत असतील तर त्यांना न रागावता तपासणीला घेऊन या.

दंतवैद्यांना कधी दाखवावे?

* एकच दात काळा किंवा करडा पडत असेल. आतली नस मेलेली असू शकते आणि रूट कॅनाल लागू शकते.
* डागाच्या जागी खड्डा असेल किंवा अन्न अडकत असेल.
* ब्रश करताना हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल.
* तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल. अशा वेळी विलंब करू नका, दुखत नसले तरीही.

ब्लीचिंग करायचे असेल तर आधी कीड आणि हिरड्यांचे उपचार पूर्ण करा. गरोदर आणि स्तनदा मातांनी ते पुढे ढकलावे. साधी फ्लोराइड पेस्ट मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे वापरावी.