गाडी दुसऱ्याची, हात आपले. मग विमा कोणाचा?

परळी वैजनाथ : औष्णिक विद्युत केंद्राची राख वाहणारा टिप्पर असो, वा महाशिवरात्रीला पाहुण्यांना वैद्यनाथाच्या दर्शनास नेण्यासाठी शेजाऱ्याकडून मागून आणलेली जीप असो; स्टिअरिंगवर बसलेली व्यक्ती पुष्कळदा वाहनाची मालक नसते. अशा चालकाला विम्याचे संरक्षण कितपत असते, हा प्रश्न बहुधा अपघातानंतरच विचारला जातो.

अमेरिकेत स्वतःची मोटार नसलेल्या चालकाला स्वतंत्र विमा घेता येतो. भारतात मात्र मोटार विमा वाहनाचा उतरविला जातो, चालकाचा नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ पक्षाच्या विम्याविना वाहन रस्त्यावर आणता येत नाही. हे बंधन केवळ मालकावर आहे, ही समजूत चुकीची आहे. विमा नसलेले वाहन चालविणाराही कलम १९६ अन्वये दोषी ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास २ हजार, तर पुढील गुन्ह्यास ४ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. किल्ली घेताना विमापत्राची मुदत पाहण्यात संकोच कसला?

विमा चालू असेल व चालकाकडे योग्य परवाना असेल, तर रस्त्यावरील जखमीची भरपाई विमा कंपनी देते. गाडी मालक चालवीत होता की त्याचा मित्र, याने फरक पडत नाही. परवान्याचा वर्ग मात्र महत्त्वाचा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनास हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. राखेचे मोठे टिप्पर या मर्यादेत बसत नाहीत.

खरी अडचण चालक स्वतःच दगावल्यास उभी राहते. उसने वाहन चालविणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे त्याच वाहनाच्या विम्यापुढे तो त्रयस्थ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘निंगम्मा’ खटल्यात म्हटले. जानेवारी २०२० मधील ‘रामखिलाडी’ खटल्यात हेच तत्त्व कायम राहिले. त्यात मृत व्यक्ती उसनी मोटारसायकल चालवीत होती. दोष समोरच्या वाहनाचा असल्याची तक्रार होती. तरी कुटुंबीयांनी दावा केला तो उसन्या मोटारसायकलचा मालक व तिची विमा कंपनी यांच्यावरच. परिणामी वैयक्तिक अपघात संरक्षणापोटी १ लाख रुपये व व्याज एवढेच पदरी पडले. दावा कोणत्या वाहनावर करायचा, हे ठरविताना झालेली चूक अशी महागात पडते.

पगारी चालकाची स्थिती त्या मानाने बरी. त्याच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाई देण्याची वैधानिक जबाबदारी वाहनाच्या विम्यात कलम १४७ नुसार अंतर्भूत असते. मात्र तो नोकरीत असल्याचा पुरावा लागतो. तोंडी बोलीवर गाडी चालविणाऱ्यांची पंचाईत होते ती येथेच.

मालकांसाठी २०१८ पासून असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वाहनाच्या मालकाच्या नावे असते. इतरांनी त्याच्या भरवशावर न राहता स्वतःच्या नावे अपघात विमा घेणे इष्ट. तो गाडी कोणाची हे पाहत नाही. बँक खातेदारांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूस २ लाखांचे संरक्षण मिळते. वयोमर्यादा १८ ते ७० वर्षे. विमावर्ष १ जूनला सुरू होते. हप्ता कापतेवेळी खात्यात तेवढी शिल्लक नसेल, तर संरक्षण संपुष्टात येते.