पेंग्विन निरीक्षण, पुंता तोम्बो येथील

अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतातील पुंता तोम्बो या अटलांटिक किनाऱ्यावरील वसाहतीत मॅगेलन पेंग्विनांचा (शास्त्रीय नाव : स्फेनिस्कस मॅगेलॅनिकस) १९८२ पासून चाललेला दीर्घकालीन अभ्यास. तो वॉशिंग्टन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ डी बोर्स्मा यांनी सुरू केला.

पद्धती : पक्ष्याच्या पंखावर क्रमांक कोरलेली स्टेनलेस पोलादाची पट्टी बसवतात. निवडलेल्या बिळांवर व झुडपांखालच्या घरट्यांवर खुणा करतात. सप्टेंबरपासून पक्षी वसाहतीत परततात. मादी बहुधा दोन अंडी घालते, ती सु. ४० दिवस उबवली जातात. ठरावीक फेऱ्यांत अंडी, पिले, त्यांचे वजन, हजर पालक व मृत्यूचे कारण यांची नोंद होते. क्रमांकामुळे तोच पक्षी पुन्हा ओळखता येतो; त्यावरून आयुर्मान, जोडीचे सातत्य व पिलांच्या जगण्याचे प्रमाण काढता येते.

निष्कर्ष : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार उपासमार हे पिलांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. जलरोधक पिसे येण्यापूर्वी वादळी पावसात भिजल्यास पिले गारठून मरतात. हवामानबदलामुळे अशी वादळे वाढत असल्याचेही या नोंदींतून दिसले.

मर्यादा : पंखावरील पट्टीने पोहताना अडथळा येऊ शकतो. क्रोझे बेटांवरील राजा पेंग्विनांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात (२०११) पट्टी असलेल्यांना सु. ३९ टक्के कमी पिले झाली. त्यामुळे अनेक ठिकाणी त्वचेखालील सूक्ष्म चिप वापरतात.