एक्कावन्नावी चादर

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जेकार्ड चादर विणतात, तिची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरते. एकेक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक भेट. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो. 1804 च्या सुमारास ल्योंच्या जोसेफ मारी जेकार्डने बसवलेली ही युक्ती. कागदावरचं ते चित्र कायद्याच्या लेखी कलाकृतीच. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 15 सांगतं, की नोंदणीजोगी असूनही न नोंदवलेली नक्षी यंत्राने पन्नासांहून अधिक वस्तूंवर उतरली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावी चादर मागावरून निघाली, की नक्षी कुणीही उचलावी.

या कलमाचं मूळ ब्रिटिशांच्या 1911 च्या कायद्यात आहे. पुस्तकं-चित्रं एकीकडे, कारखान्यातल्या नक्ष्या दुसरीकडे, अशी वाटणी तिथे झाली. 1914 साली ती इथे आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. लेखकाला मृत्यूनंतरची पन्नास वर्षं मिळाली. टागोर 1941 साली गेले; 1991 अखेरीस त्यांचं साहित्य खुलं होणार, तेव्हा हक्क विश्वभारती विद्यापीठाकडे होते, आणि सरकारने वटहुकूम काढून पन्नासाची साठ केली. नक्षीकारांसाठी भांडायला अशी संस्था नव्हती.

नक्षी नोंदवली, तर 2000 च्या डिझाइन्स कायद्याने दहा आणि वर पाच वर्षं मिळतात. अट अशी, की अर्जाआधी ती बाहेर पडलेली नसावी. लहान कारखानदार अडतो तो इथे. कोणती नक्षी चालेल हे त्याला चादरी खपल्यावरच कळतं, तोवर अर्जाची वेळ गेलेली असते. मोठी कंपनी वकील लावून साऱ्याच नक्ष्या आधी नोंदवू शकते. तिचा ट्रेडमार्क तर दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कायम राखता येतो. नोंदणीत चुकलं तर मोठ्यांनाही माफी नाही: मायक्रोफायबर्स ही अमेरिकी कापड कंपनी 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 पाशीच हरली.

‘सोलापुरी चादर’ या नावाला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कुणाला विकता येत नाही, म्हणून या साऱ्या कायद्यांत मला तेच सर्वांत न्याय्य वाटतं. मात्र त्याने गावाचं नाव राखलं जातं, नक्षी नाही. युरोपीय संघाने 2002 पासून न नोंदवलेल्या नक्षीलाही बाजारात आल्यापासून तीन वर्षं नकलेपासून संरक्षण दिलं आहे. तेवढी तीन वर्षं आपल्या कायद्यात यायलाच हवीत.