राजांचे इंजिन रुळांवर

इंजिन बदलण्याची गोष्ट यवतमाळकरांना नवी नाही. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन बसविलेले आपण सर्वांनीच पाहिले आहे, आणि १९९४ साली आपल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले तेही आपल्या स्मरणात आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत मात्र फ्रान्समधील मोल्सहाइम गावची.

तेथे एत्तोरे बुगाती या मूळच्या मिलानच्या गृहस्थांनी १९२७ च्या सुमारास ‘रोयाल’ नावाची मोटार काढली. नावाप्रमाणे गिऱ्हाईकही राजेच हवे होते! आठ सिलिंडरचे, पावणेतेरा लिटरचे इंजिन. आपल्या ॲम्बॅसडरची दीड लिटरची आठ इंजिने एकत्र केली तरी थोडे कमीच पडेल. बेत पंचवीस गाड्यांचा होता. तयार झाल्या सहा, त्या काळी विकल्या गेल्या तीन, आणि घेणाऱ्यांत राजा एकही नव्हता. जगात मंदी आली होती. माल पडून राहिला की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, हे जिनिंगच्या फाटकात उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

१९३३ साली तोड निघाली. तीच इंजिने रेल्वेच्या डब्यात बसवावयाची! डब्याच्या मध्यभागी चार इंजिने, प्रत्येकी सुमारे दोनशे अश्वशक्तीची. त्यांची शक्ती लांब दांड्यांनी चाकांपर्यंत न्यावयाची. इंजिनांनी मधली जागा अडविल्यामुळे चालकाची खोली थेट छपरावर चढली. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर ओढ फार थोडी लागते, म्हणून जे इंजिन मोटारीत डौलाचे ठरले तेच येथे कामाचे ठरले. ताशी एकशेनव्वद किलोमीटरच्या पुढे ही गाडी गेली. अशा ऐंशीहून अधिक गाड्या निघाल्या. शिल्लक इंजिने पुरेनात म्हणून नवी करावी लागली. कारखान्याच्या चुली पेटत्या राहिल्या त्या यामुळे.

पुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्सभर संप झाले आणि कामगारांनी चाळीस तासांचा आठवडा व दोन आठवड्यांची पगारी रजा मिळविली. मोल्सहाइमलाही संप झाला. बुगातींना तो जिव्हारी लागला. कारखाना जाँ या मुलाच्या हाती देऊन ते पॅरिसला निघून गेले. ही हकीकत बहुधा मालकाच्या दुखावलेल्या मनाची म्हणून सांगतात. आम्हांस ते पटत नाही. इंजिनाची जागा बदलता येते हे ज्यांना इतके लख्ख दिसले, त्यांना ते बसविणाऱ्या माणसाची जागाही बदलू शकते, हे दिसू नये याचेच नवल वाटते.

गाड्या मात्र १९५० नंतरही धावत होत्या. त्यांतली एक मुलूझच्या रेल्वे संग्रहालयात आहे. चालकाची ती छपरावरची खोली तिच्यावर अजून दिसते.